तार किती जाड असावी?

(द्वितीय वर्ष, कला)

गिटार या वाद्याविषयी आमच्या घरात असलेले ज्ञान एवढेच होते की, ते चित्रपटातल्या नायकाच्या गळ्यात असते. आमच्या सात पिढ्यांत कोणी कॉलेजची पायरी चढले नाही, तिथे गिटारची काय कथा! वडील वालीवच्या औद्योगिक वसाहतीत पॉवर प्रेसवर काम करतात, आई घरी पॅकिंगचे काम आणते. अशा घरात मागच्या जूनमध्ये मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार घेऊन शिरलो, तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला, "ही खातो की काय रे?" त्या प्रश्नाचे उत्तर मला अजून नीटसे देता आलेले नाही. पण गिटारला तार कोणत्या जाडीची घालावी, या प्रश्नाचे उत्तर मात्र मी सहा महिने चटके खाऊन शिकलो आहे. तेच या लेखात सांगणार आहे. ज्यांना गिटारशी काही कर्तव्य नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण गोष्ट शेवटी तारेची कमी आणि बोटांची जास्त आहे.

वसईत गिटारचे अप्रूप नाही. नाताळात गिरीजपासून नंदाखालपर्यंत कोणत्याही वाडीत जा, एखाद्या ओटीवर तरी गिटार वाजताना ऐकू येईल. चर्चच्या गायनवृंदात ती असते, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात असते. माझ्या एका वर्गमित्राच्या काकांनी तरुणपणी अशाच ऑर्केस्ट्रात वाजवलेली गिटार पोटमाळ्यावर पडून होती. गणपतीच्या मखराचे आणि दिवाळीच्या कंदिलांचे काम करून मी जमवलेले पैसे त्यांच्या हातावर ठेवले आणि ती माझी झाली. तारा गंजलेल्या होत्या. म्हणून मी जवळच्या एका दुकानात जाऊन "गिटारच्या तारा द्या" म्हणालो. दुकानदाराने कोणती गिटार हे विचारले नाही, आणि विचारायचे असते हे मलाही ठाऊक नव्हते. सोनेरी रंगाच्या, दिसायला मोठ्या देखण्या तारा घेऊन मी घरी आलो.

मोबाइलवर पाहून मी धडे गिरवू लागलो. पंधरा दिवसांत डाव्या हाताच्या बोटांची टोके सोलवटली. मित्र म्हणाले, "असेच असते, घट्टे पडेपर्यंत सोसायचे." कोणी सांगितले, "जाड तारच खरी, पातळ तार कच्च्या माणसाची." मीही दात-ओठ खाऊन वाजवत राहिलो. कॉलेजात इंग्रजीच्या तासाला जसे वाटते की ही भाषा आपल्या जिभेसाठी केलेलीच नाही, तसेच वाटू लागले की हे वाद्यही आपल्या बोटांसाठी नाही. ज्यांच्या घरात ते आधीपासून आहे, त्यांचेच ते.

एका रात्री बोटातून रक्त आले आणि ते वडिलांनी पाहिले. वडील सहसा रागावत नाहीत, पण त्या दिवशी रागावले. त्याला कारण आहे. बारा वर्षांपूर्वी एका लहान कारखान्यात प्रेसखाली सापडून त्यांच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचे टोक गेले. तेव्हा त्यांच्या हाती नाममात्र भरपाई टिकवून वरून "तुम्हीच बेसावध होता" असे ऐकवले गेले. बोटांची किंमत त्यांच्याइतकी आमच्या घरात कोणाला माहीत असणार? ते म्हणाले, "बोटं आहेत तोवर सगळं आहे. उद्या ही वस्तू परत करून ये."

मी रडकुंडीला येऊन म्हणालो, "बाबा, तारा जाड आहेत, म्हणून होतंय." हे मी नुसतेच बोलून गेलो होतो. पण 'जाड' हा शब्द ऐकताच त्यांच्यातला कारागीर जागा झाला. "जाड म्हणजे किती? गेज काय?" मला काय ठाऊक! दुसऱ्या दिवशी ते कामावरून येताना मायक्रोमीटर मागून घेऊन आले. सर्वांत पातळ तारेला तो लावून म्हणाले, "शून्य पूर्णांक तीस मिलिमीटर. ही तुझी सर्वांत पातळ?"

गिटारच्या तारांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात सांगतात. वडिलांनी मोजलेले ०.३० मिलिमीटर म्हणजे इंचाचे सुमारे बारा हजारांश. गिटारवाले तिला नुसते 'बारा' म्हणतात. सहा तारांचा संच त्यातल्या सर्वांत पातळ तारेवरून ओळखला जातो, म्हणजे 'नऊचा संच', 'दहाचा संच', 'बाराचा संच'. इथे एक घोटाळा टाळला पाहिजे. पत्र्याच्या किंवा विजेच्या तारेच्या धंद्यात गेजचा आकडा जितका मोठा तितका माल पातळ असतो. २४ गेजचा पत्रा १८ गेजपेक्षा पातळ. याचे कारण जुने आहे. तार साच्याच्या बारीक भोकातून ओढून पातळ करतात, आणि जितक्या वेळा ओढावी तितका तिचा आकडा वाढत गेला. गिटारच्या तारेत मात्र आकडा हीच जाडी, म्हणजे मोठा आकडा, जाड तार. वडिलांना हे उलटे वाटले. ते म्हणाले, "म्हणजे तुमचाच हिशेब सरळ आहे."

आता तारेचे शास्त्र थोडक्यात पाहू. तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: तिची लांबी, तिच्यावरचा ताण आणि तिचे वजन. मारँ मर्सेन या फ्रेंच पंडिताने १६३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याचे नियम मांडले. लांबी वाढली की सूर उतरतो, ताण वाढला की चढतो, तार जड झाली की पुन्हा उतरतो. आपल्या तानपुऱ्यात हे डोळ्यांना दिसते. जोडीच्या तारा पोलादाच्या आणि पातळ, तर खर्जाची तार पितळी आणि जाड. ज्या मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिथल्या कारागिरांना हा नियम कोणी सूत्र लिहून शिकवला नसेल. त्यांच्या हातांनाच तो ठाऊक होता.

गिटारमध्ये लांबी ठरलेली असते आणि सूरही ठरलेला असतो. पहिली तार सेकंदाला सुमारे ३३० कंपनांवर लावायची असते. मग उरतात दोनच गोष्टी, वजन आणि ताण. तार जड घेतली तर त्याच सुरावर आणण्यासाठी ती जास्त ताणावी लागते. तारेचे वजन तिच्या जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढते. म्हणून 'नऊ' आणि 'बारा' यांत फरक फक्त तीन हजारांश इंचांचा, पण ताणातला फरक ९ च्या वर्गाला १२ चा वर्ग, म्हणजे ८१ ला १४४, पावणेदोन पटींहूनही जरा जास्त. विज्ञान शाखेतल्या एका मित्राला बसवून मी हिशेब केला. ६४८ मिलिमीटर लांबीच्या गिटारवर 'नऊ'ची पहिली तार सुमारे ६ किलोंच्या ताणात असते, 'दहा'ची ७.४ किलोंच्या आणि 'बारा'ची सुमारे १०.७ किलोंच्या. माझी बोटे महिनाभर कशाशी झुंजत होती, हे त्या दिवशी आकड्यांत कळले.

इतक्यात वडिलांनी आणखी एक चूक शोधली. ते म्हणाले, "ही सोनेरी तार पोलादाची दिसत नाही." खरेच होते. गिटारच्या जाड तारा एकसंध नसतात. जाड एकसंध तार ताठर होते, मोकळी कंप पावत नाही आणि आवाज बद्द येतो. म्हणून पातळ पोलादी गाभ्यावर दुसरी बारीक तार गुंडाळून तिचे वजन वाढवतात. साध्या पोकळ लाकडी गिटारच्या तारांवर हे गुंडाळण काशाचे असते. त्या गिटारचा आवाज लाकडी पोटातून येतो, त्यामुळे तिथे ते शोभते. इलेक्ट्रिक गिटारला पोट नसते. तिच्यात तारांखाली लोहचुंबक आणि त्यांभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते, त्याला पिकअप म्हणतात. चुंबकाजवळ पोलादी तार हलली की वेटोळ्यात क्षीण वीज निर्माण होते आणि तीच पुढे अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मोठी होते. काशाला चुंबक ओळखतच नाही, त्याला कळतो फक्त आतला गाभा. म्हणून माझ्या गिटारच्या वरच्या दोन साध्या तारा कर्कश वाजत आणि बाकीच्या चार कुजबुजत. दुकानातून मी साध्या गिटारचा संच इलेक्ट्रिकसाठी घेऊन आलो होतो! इलेक्ट्रिक गिटारला गुंडाळण हवे निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाचे, शुद्ध निकेलचे किंवा स्टेनलेस स्टीलचे. पैकी पहिला प्रकार सर्वांत सरसकट मिळतो.

मग योग्य जाडी कोणती? सर्वांना एकच उत्तर नाही, पण उत्तर काढायची रीत आहे.

प्रथम आपल्या गिटारची लांबी मोजावी. मानेच्या टोकाला ज्या खाचांतून तारा खाली येतात तिथून बाराव्या पडद्यापर्यंत मोजून दुप्पट करावी. ३२४ मिलिमीटर भरले तर लांबी ६४८, म्हणजे साडेपंचवीस इंच. ३१४ च्या आसपास भरले तर ६२८, म्हणजे पावणेपंचवीस इंच. हे अंतर दिसायला किरकोळ, पण आखूड गिटारवर तीच तार सुमारे सहा टक्के सैल असते. त्यामुळे लांब गिटारवर 'नऊ' आणि आखूड गिटारवर 'दहा' अशी जोडी पुष्कळ ठिकाणी दिसते.

दुसरे, आपण सूर कुठे लावणार? गाणाऱ्याच्या गळ्याला सोयीचे म्हणून पुष्कळ वादक सगळी गिटार अर्धा स्वर उतरवतात. तसे केल्यास ताण सुमारे अकरा टक्के कमी होतो. 'नऊ'च्या तारा मग लोंबकळल्यासारख्या लागतात आणि पडद्यांवर झणझणतात. अशा वेळी एक पायरी जाड तार घ्यावी. अर्धा स्वर उतरवलेली 'अकरा' हाताला जवळपास 'दहा'सारखीच लागते.

तिसरे, आपण वाजवणार काय? सतारीवर जशी तार ओढून मींड काढतात, तशी गिटारवर बोटाने तार बाजूला रेटून सूर चढवतात. ज्याला हे पुष्कळ करायचे आहे त्याने पातळ तार घ्यावी. ज्याला गाण्यामागे नुसते ठोके धरायचे आहेत आणि ज्याचा उजवा हात जोरकस आहे, त्याला जाड तार बरी. पातळ तार जोराने छेडली की सूर क्षणभर वर उडतो, जाड तार जागची हलत नाही. दोन्ही हवे असेल तर वरच्या तारा 'नऊ'च्या संचातल्या आणि खालच्या 'दहा'च्या संचातल्या असे मिश्र संचही मिळतात. जॅझ वाजवणारे अनेक जण 'बारा' किंवा त्याहून जाड संच घेतात. त्यात तिसरी तारही गुंडाळलेली असते आणि ती रेटायची नसतेच.

आणि चौथे म्हणजे आपली बोटे. इथे मला त्या 'जाड तारच खरी' म्हणणाऱ्या मित्रांना उत्तर द्यायचे आहे. त्यांच्या मनात अमेरिकन वादक स्टीव्ही रे व्हॉन असतो. तो पहिली तार 'तेरा'ची लावी, हे खरे. पण तो गिटार अर्धा स्वर उतरवून वाजवी, आणि बोटांची साल निघाली की गोंदाने चिकटवून पुन्हा वाजवायला बसे, हेही तितकेच खरे. त्याची तार घ्यायची तर त्याचा हातही आणावा लागेल.

मला मात्र दुसरा माणूस जवळचा वाटला. इंग्लंडच्या बर्मिंगहॅम शहरातला टोनी आयोमी. वयाच्या सतराव्या वर्षी तो पत्र्याच्या कारखान्यात काम करत होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे पडदे दाबायचा हात उजवा. सगळे संपले असे वाटले. तेव्हा कारखान्यातल्या एका वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्ट या वादकाची ध्वनिमुद्रिका ऐकवली. १९२८ मधल्या आगीत जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती, आणि उरलेल्या दोन बोटांवर तो युरोपात गाजला. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर चामडे लावले. आणि गिटारच्या बाजारी तारा झेपेनात म्हणून बँजो या वाद्याच्या पातळ तारा गिटारला लावल्या. हा बँजो म्हणजे आपल्या वरातीत वाजतो तो पेटीचा बँजो नव्हे, अमेरिकेतला गोल, चामडे मढवलेला. पुढे ताण आणखी कमी व्हावा म्हणून त्याने गिटारचा सूरही उतरवला. १९७० मध्ये त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' या वृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यातला भारदस्त, गडगडता नाद पातळ तारांतून निघालेला आहे. पातळ तारेचा आवाज पोकळ असतो म्हणणाऱ्यांनी तो एकदा ऐकावा.

ही हकिकत मी वडिलांना सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "त्याला भरपाई किती मिळाली?" मला ते माहीत नव्हते. पण गिटार परत करण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

पुढच्या रविवारी मी मरीन लाइन्सला उतरून धोबी तलावाला गेलो आणि या खेपेस दुकानदाराने विचारण्याआधीच सांगितले, "इलेक्ट्रिकसाठी, निकेलच्या, नऊ ते बेचाळीस." त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली. त्या मान हलवण्याने मला पहिल्या वर्षाच्या निकालापेक्षा जास्त आनंद झाला, हे इथे कबूल करतो.

पण तार बदलली की काम संपले, असे समजू नये. साध्या गिटारच्या 'बारा'च्या संचाचा मानेवरचा एकूण ओढा सत्तर किलोंहून अधिक असतो, तर 'नऊ'च्या संचाचा सुमारे ३८ किलो. एवढा ओढा एकदम कमी झाला की धनुष्याची दोरी सैल करावी तशी मान सरळ होते, किंवा उलट बाजूला झुकते, आणि तारा पडद्यांना घासून झणझणतात. माझ्या गिटारचे तेच झाले. मानेच्या आत एक पोलादी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. तिचा स्क्रू सैल केला की तारांच्या ओढ्याने मान किंचित पुढे झुकते. वडिलांनी पाना धरला, पाव फेरा फिरवला आणि थांबले. "रात्रभर राहू दे. लाकूड आहे, लोखंड नाही." सकाळी झणझण निम्मी झाली होती. आणखी थोडे फिरवल्यावर गेली. ज्यांच्या घरी असा कारागीर नसेल त्यांनी हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे, कारण जोर लावला तर मान कामातून जाते.

आता एक सूचना आपल्या भागासाठी. अर्नाळ्यापासून नायगावपर्यंत खारा वारा आहे आणि पावसाळ्यात भिंतींनाही घाम येतो. इथे तार लवकर गंजते. गंजलेली तार बोटे कापते, सुरात राहत नाही आणि अवेळी तुटते. वाजवून झाल्यावर प्रत्येक तार कोरड्या सुती फडक्याने वरून-खालून पुसावी. आमच्याकडे आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा याच कामी राखून ठेवला आहे.

प्रामाणिकपणे शेवटही सांगतो. 'नऊ'च्या तारांवर बोटे बरी झाली, पण माझे सूर चढे लागू लागले. कारण 'बारा'वर झगडून मला दाबण्याची वाईट सवय जडली होती. पातळ तार गरजेपेक्षा जास्त दाबली की तिचा सूर वर सरकतो. म्हणजे जाड तारेने माझा हात बळकट केला नव्हता, आडदांड केला होता. दोन महिने हलके दाबायला शिकण्यात गेले. मग नाताळच्या सुमारास मी 'दहा'चा संच लावला आणि आता तोच आहे. तो मला झेपतो, आणि माझ्या उजव्या हाताचा जोरही त्याला झेपतो. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात ज्या मंडळींनी माझे वादन ऐकले त्यांनी ते गोड मानून घेतले असेल, अशी आशा आहे.

कष्ट करावेच लागतात, हे आमच्या घरात कोणी शिकवावे लागत नाही. पण कष्ट कुठले उपयोगाचे आणि कुठले केवळ चुकीच्या तारेमुळे वाट्याला आलेले, हे मोजून पाहता येते, हे मी यंदा शिकलो. आपल्या बोटांना दोष देण्याआधी एकदा मायक्रोमीटर लावून पाहावा.

त्या जुन्या सोनेरी तारा वडिलांनी टाकू दिल्या नाहीत. सर्वांत जाड तार ते कामावर घेऊन गेले. यंत्राच्या तेलाच्या नळीत कचरा अडकला की ती घालून साफ करतात म्हणे. आणि परवा रात्री मी अभ्यास करत असताना कोपऱ्यातून एक सूर आला. मान वर करून पाहिले, तर वडील गिटारपाशी उकिडवे बसले होते आणि मधल्या आखूड बोटाने पहिली तार दाबून पाहत होते. "हलकी आहे," ते म्हणाले, आणि हात धोतराला पुसून झोपायला गेले.